राष्ट्रीय महामार्गांना क्रमांक कसे दिले जातात? आणि तो क्रमांक प्रवाशाला माहीत का हवा?

महामार्गावर अपघात होतो. कुणीतरी फोन लावतो. पलीकडून पहिला प्रश्न येतो, "नेमके कुठे आहात?" उत्तर बहुतेक वेळा असे असते : "पुण्याहून सोलापूरला चाललोय, मघाशी एक टोलनाका गेला, त्यानंतर एक ढाबा लागला..." एवढ्या माहितीवर रुग्णवाहिका शोधत फिरते आणि मोलाचा वेळ जातो. खरे तर नेमके ठिकाण सांगण्याची सगळी सोय रस्त्यावरच केलेली असते. ती वाचता यावी लागते, एवढेच.

जुने क्रमांक का बदलले?

'एनएच ४', 'एनएच १७', 'एनएच ३' हे क्रमांक आजही अनेकांच्या तोंडी आहेत. मुंबई-पुणे-बेंगळुरू-चेन्नई हा ४, मुंबई-गोवा १७, मुंबई-आग्रा ३ आणि धुळे-नागपूरमार्गे जाणारा ६. या जुन्या पद्धतीत क्रमांकावरून रस्त्याची दिशा किंवा देशातले स्थान कळत नसे. नवे महामार्ग जाहीर होत गेले तसे पुढचे क्रमांक, नाहीतर जुन्याच क्रमांकाला ए, बी अशी अक्षरे जोडली गेली.

२०१० साली केंद्र सरकारने सगळ्या राष्ट्रीय महामार्गांना नव्याने क्रमांक दिले. मुंबई-गोवा आता ६६ आहे. दिल्ली-मुंबई (जुना ८) आणि मुंबई-चेन्नई (जुना ४) मिळून ४८ झाला. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा जुना ९ आता ६५ आहे. मुंबई-आग्रा मार्गाचे मात्र तुकडे झाले : इंदूरकडून धुळ्यापर्यंत तो ५२ म्हणून येतो आणि धुळ्याहून नाशिकपर्यंत ६० म्हणून जातो. लोक अजूनही त्याला 'आग्रा रोड'च म्हणतात, पण फलकावर तो जुना ३ सापडणार नाही.

नवा नियम काय आहे?

नियम तीन वाक्यांत मावतो.

- उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य महामार्गाला सम क्रमांक. हे क्रमांक पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढतात.
- पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मुख्य महामार्गाला विषम क्रमांक. हे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात.
- तीन आकडी क्रमांक म्हणजे शाखा. शेवटचे दोन आकडे मूळ महामार्गाचे असतात.

म्हणूनच २ क्रमांकाचा महामार्ग ईशान्य भारतात आहे, श्रीनगर ते कन्याकुमारी हा देशातला सर्वांत लांब महामार्ग ४४ आहे आणि कोकण किनाऱ्याने जाणारा ६६. तसेच १ क्रमांक काश्मीर-लडाखमध्ये, तर ८७ थेट तमिळनाडूत रामेश्वरमकडे.

महाराष्ट्रात हा नियम ताडून पाहता येतो. पूर्व-पश्चिम जाणारे तीन महामार्ग घ्या. धुळे-जळगाव-अकोला-अमरावती-नागपूर हा ५३. त्याच्या दक्षिणेला कल्याण-अहिल्यानगर-परभणी-नांदेड हा ६१. त्याहून दक्षिणेला पुणे-सोलापूर ६५. क्रमांक वाढत गेला तसे आपण खाली सरकलो.

सम क्रमांकांतही नागपूरचा ४४ पूर्वेला, धुळे-छत्रपती संभाजीनगर-सोलापूर हा ५२ मध्ये आणि ६६ पश्चिमेला, असा क्रम लागतो. एक अपवाद मात्र डोळ्यांत भरतो. पुणे-साताऱ्याचा ४८ हा ५२ च्या पश्चिमेला आहे! याचे कारण, हे क्रमांक एका राज्याचा नव्हे, तर देशाचा नकाशा समोर ठेवून दिलेले आहेत. ४८ दिल्लीहून निघून मुंबईला येतो आणि मग तिरका होत चेन्नईला जातो. असे लांब, वळणारे रस्ते कुठल्यातरी भागात क्रम मोडणारच.

तीन आकडी क्रमांक कसा वाचायचा?

रत्नागिरीहून कोल्हापूर-सांगलीमार्गे सोलापूरला जाणारा रस्ता १६६ आहे. शेवटचे दोन आकडे ६६, म्हणजे ही कोकणातल्या महामार्गाची शाखा. बेळगावहून पणजीला उतरणारा ७४८ ही ४८ ची शाखा. सासवड, जेजुरी, फलटणवरून पंढरपूरला जाणारा संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग ९६५ आहे, म्हणजे ६५ ची शाखा. आकड्यापुढे अक्षर असेल, तर ती आणखी छोटी फांदी. पाटस-बारामती-इंदापूर-अकलूजमार्गे जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग ९६५ जी आहे.

दगडाचा रंग काय सांगतो?

रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा रंगवलेला असतो. पिवळा माथा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य मार्ग, काळा किंवा निळा म्हणजे जिल्हा मार्ग आणि नारिंगी म्हणजे ग्रामीण रस्ता.

खड्ड्यांची तक्रार करताना हा रंग उपयोगी पडतो. राज्य मार्गाची जबाबदारी सार्वजनिक बांधकाम विभागाची असते. पिवळ्या दगडाचा रस्ता केंद्राचा असतो, पण त्याचे काम कधी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असते, तर कधी राज्याच्या बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. मुंबई-गोवा महामार्गावर दोन्ही आहेत : पनवेल ते रायगडमधले इंदापूर हा टप्पा प्राधिकरणाकडे आणि तिथून झारापपर्यंतचा टप्पा राज्याच्या शाखेकडे. एकाच रस्त्याच्या तक्रारीला दोन वेगवेगळी दारे का दाखवली जातात, ते यावरून कळते.

'२१२/४००' म्हणजे काय?

दगडाच्या दर्शनी भागावर 'सोलापूर ४२' असे पुढच्या गावाचे अंतर असते. त्याशिवाय दगडावर किंवा छोट्या फलकावर आणखी एक आकडा असतो. तो रस्त्याच्या ठरावीक आरंभापासून मोजलेला असतो. बांधकाम खात्याच्या भाषेत त्याला साखळी क्रमांक म्हणतात. '२१२/४००' याचा अर्थ २१२ किलोमीटर आणि ४०० मीटर. दोन किलोमीटरांच्या दगडांमध्ये दर दोनशे मीटरवर २, ४, ६, ८ असे आकडे असलेले छोटे दगडही लावले जातात.

रस्त्याचा क्रमांक आणि हा आकडा मिळाला, की गस्तीच्या गाडीला ठिकाण शोधावे लागत नाही. मात्र तिसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे, ती म्हणजे दिशा. मध्ये दुभाजक असेल तर पलीकडच्या बाजूने आलेल्या रुग्णवाहिकेला पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत यावे लागते. म्हणून 'पुण्याकडे जाणारी मार्गिका' किंवा 'मुंबईकडे जाणारी मार्गिका' हे आवर्जून सांगावे.

फोन कुठे करायचा?

राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ ही चोवीस तास चालणारी मदतवाहिनी आहे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक आहेत.

इथे एक गफलत नेहमी होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग हे राष्ट्रीय महामार्ग नाहीत. ते महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचे रस्ते आहेत. त्यांच्या मदतवाहिन्या वेगळ्या आहेत. समृद्धी नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर आहे आणि तिच्या आसपास बराच भाग मोकळ्या माळाचा आहे. खुणेला ना दुकान, ना गाव. अशा ठिकाणी किलोमीटरचा फलक हीच एकमेव खूण. प्रवासाला निघतानाच पहिल्या टोलनाक्यावर मदतवाहिनीचा क्रमांक टिपून घेतलेला बरा.

मदत करणाऱ्याला त्रास होतो का?

गंभीर दुखापतीनंतरच्या पहिल्या तासात उपचार मिळाले, तर जीव वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने या तासाची व्याख्या कायद्यात आणली. त्याच दुरुस्तीने (कलम १३४ अ) सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले. त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही आणि नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

त्या तासातली पहिली काही मिनिटे फोनवर जातात. 'महामार्ग ६५, किलोमीटर २१२/४००, सोलापूरकडे जाणारी मार्गिका' हे सांगायला दहा सेकंद पुरतात. पुढच्या प्रवासात गाडीतल्या मुलांना दगड वाचायचा खेळ लावून द्यावा. वेळ मजेत जाईल, आणि आपण कुठे आहोत हे गाडीत कुणाला तरी सतत ठाऊक असेल.