पायांची वल्ही

पाण्याची घनता हवेच्या सुमारे 800 पट असल्यामुळे, मालवणच्या समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्याच्या उघड्या पावलांना जे साधत नाही, ते पायांत चढवलेल्या फिन्सचे रुंद पाते, मांडीच्या संथ हेलकाव्यासरशी पाणी मागे लोटून, सहज साधते. या साधनाच्या एकस्वाची सनद फ्रेंच नौदलातील अधिकारी लुई द कॉर्लिय यांनी 1933 मध्ये मिळवली. फिन्स निवडताना ध्यानात ठेवावे: पाते जितके ताठर, तितका पोटऱ्यांत गोळे येण्याचा संभव अधिक, म्हणून नवशिक्याने मध्यम लवचीक पातेच पसंत करावे. उबदार पाण्यात टाच झाकणारे फिन्स पुरेसे होतात. थंड पाण्यात वा खडकाळ किनाऱ्यावर, आत जाड बूट घालून मागे पट्ट्याने आवळायचे, उघड्या टाचेचे फिन्स श्रेयस्कर. खरेदीपूर्वी ते पायांत चढवून पाहावेत: बोटे चेपता कामा नयेत, टाच निसटता कामा नये. किमतीत हवी तर तडजोड करा, मापात मात्र कदापि नको.