नोंदींचा क्रम आणि मार्गदर्शिकेची भाषा

डेटाबेसमधील नोंदी कोणत्या क्रमाने समोर याव्यात हे एसक्यूएल भाषेत ‘ऑर्डर बाय’ या पदबंधाने सांगितले जाते. या भाषेचे नियम काटेकोर असले तरी ते समजावून देणाऱ्या मार्गदर्शिका बोलत्या भाषेतच लिहाव्या लागतात. बोलत्या भाषेच्या सवयी त्यांत नकळत शिरतात आणि त्यांतून ज्या चुका उद्भवतात त्या दिसावयास किरकोळ, परंतु परिणामी गंभीर असतात. अशा चुकांचे तीन प्रकार विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला प्रकार विशेषणाच्या व्याप्तीचा होय. ‘ऑर्डर बाय विभाग, गुण डीईएससी’ या आज्ञेचा अर्थ ‘नोंदी विभाग व गुण यांच्या उतरत्या क्रमाने लागतात’ असा दिला, तर मराठी वाचक ‘उतरत्या’ हे विशेषण दोन्ही नामांकडे नेईल. वाक्यरचनाच तसे सुचविते. एसक्यूएलमध्ये मात्र ‘डीईएससी’ची सत्ता केवळ लगतच्या पदापुरती चालते. ज्या पदापुढे काहीच लिहिलेले नाही, त्याचा क्रम चढता मानला जातो. म्हणून ‘विभागांच्या चढत्या क्रमाने, आणि एकाच विभागात गुणांच्या उतरत्या क्रमाने’ अशी दुरुस्ती हवी.

दुसरा प्रकार न दिलेल्या हमीचा. ‘समान गुणांच्या नोंदी मूळ क्रमानेच येतात’ हे विधान चुकीचे आहे. एसक्यूएलचे प्रमाणक तशी हमी देत नाही. गुणवत्ता यादीतील पहिली दहा नावे मागविली आणि दहाव्या व अकराव्या उमेदवाराचे गुण सारखे असले, तर त्यांपैकी कोण यादीत येईल हे अनिश्चित राहते. नोंदणी क्रमांकासारखे अनन्य पद आज्ञेत जोडल्यास क्रम निश्चित होतो. पण तो न्याय्य होतोच असे नाही. बरोबरीच्या सर्व नोंदी घ्यावयाच्या असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते. पोस्टग्रेस प्रणालीत ही सोय २०२० मधील तेराव्या आवृत्तीपासून आहे.

तिसरा प्रकार ‘वर्णानुक्रम’ या शब्दाचा. पोस्टग्रेसमधील ‘सी’ या क्रमनियमानुसार अक्षरांची तुलना त्यांच्या संकेतांकांवरून होते. युनिकोडमध्ये ‘ळ’चा संकेतांक, षोडशमान पद्धतीत, ०९३३ आहे, तर ‘स’चा ०९३८. परिणामी ‘काळे’ हे आडनाव ‘कासार’च्या आधी लागते. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येत असल्याने मराठी वाचक ‘काळे’ हे नाव ‘कासार’नंतर शोधील आणि ते न आढळल्यास यादीत नाहीच असे समजेल. अशा ठिकाणी ‘वर्णानुक्रमे’ऐवजी ‘निवडलेल्या क्रमनियमानुसार’ असे लिहून तो नियम कोणता हेही सांगितले पाहिजे. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या ग्रंथालयाचे भाषावार क्रमनियम निवडण्याची सोय २०१७ मधील दहाव्या आवृत्तीपासून झाली आहे.

तिन्ही ठिकाणी मूळ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्यामुळे मुद्रितशोधकाच्या नजरेस ही चूक पडत नाही, आणि आज्ञा त्रुटी न दाखविता चालत असल्याने संगणकही ती उघडकीस आणीत नाही. दुरुस्ती करणाराने समान गुणांच्या दोन नोंदी, दोन विभाग आणि ‘ळ’ असलेले एखादे नाव घेऊन लहानसे कोष्टक करावे, आज्ञा चालवून पाहावी आणि मगच वाक्यास हात लावावा.