एक महानगर, तीन लोकसंख्या : पिट्सबर्ग

३.१ प्रास्ताविक

'या शहराची लोकसंख्या किती?' हा प्रश्न वरकरणी अगदी साधा आहे. परंतु अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्गविषयी तो विचारला, तर २०२० च्या जनगणनेतून तीन उत्तरे मिळतात : ३,०२,९७१, १२,५०,५७८ आणि २३,७०,९३०. ही तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. पहिला आकडा पिट्सबर्ग शहराचा, दुसरा हे शहर ज्या ॲलेगेनी काउंटीत आहे तिचा, तर तिसरा महानगर क्षेत्राचा आहे. लोकसंख्येच्या आकड्याला त्यामागील सीमेवाचून अर्थ नसतो, हे या उदाहरणावरून आपण समजून घेणार आहोत.

३.२ 'महानगर क्षेत्र' ही संज्ञा

अमेरिकेतील काउंटीची स्थूलमानाने आपल्या जिल्ह्याशी तुलना करता येईल. मध्यवर्ती नागरी वस्ती असलेली काउंटी आणि कामधंद्यासाठी रोज ये-जा करणाऱ्यांमुळे तिच्याशी जोडल्या गेलेल्या शेजारच्या काउंट्या मिळून महानगर क्षेत्र ठरते. २०२० च्या जनगणनेच्या वेळी पिट्सबर्गच्या क्षेत्रात अशा सात काउंट्या होत्या. महानगर क्षेत्र हे गणनेसाठी आखलेले एकक आहे. त्याला महापौर नसतो आणि त्याची स्वतःची महापालिकाही नसते. आपल्या जनगणनेतील 'नागरी समूह' ही संज्ञा याच्या जवळची आहे. मात्र तिचा आधार सलग नागरी वस्ती हा आहे, रोजची ये-जा हा नव्हे.

३.३ भूरचना

ईशान्येकडून येणारी ॲलेगेनी आणि दक्षिणेकडून येणारी मोनोंगहीला या नद्यांच्या संगमावर पिट्सबर्ग वसले आहे. या संगमातूनच ओहायो नदीचा उगम होतो आणि ती पुढे मिसिसिपीला मिळते. या जलमार्गामुळेच अठराव्या शतकात फ्रेंच आणि इंग्रज या जागेसाठी झगडले. १७५८ मध्ये ती इंग्रजांच्या हाती आली आणि विल्यम पिट या राजकारण्याच्या नावावरून तिला आजचे नाव मिळाले.

हा प्रदेश म्हणजे नद्या-ओढ्यांनी खोलवर कापलेले पठार होय. सपाट जमीन मुख्यतः नदीकाठी, तीही अरुंद पट्ट्यांत आढळते. टेकड्यांत दगडी कोळसा होता आणि वाहतुकीला नदी होती. म्हणून पोलादाचे कारखाने या पट्ट्यांत उभे राहिले आणि कामगारांची घरे चढावर गेली. चढ-उतारासाठी १८७० आणि १८७७ मध्ये सुरू झालेल्या, दोराने ओढल्या जाणाऱ्या दोन गाड्या आजही चालतात. शहरात चारशेंहून अधिक पूल आहेत. काही ठिकाणी तर नकाशावर जो रस्ता दिसतो, तो प्रत्यक्षात पायऱ्यांचा जिना असतो.

३.४ सीमांचा प्रश्न

१९०७ मध्ये पिट्सबर्गने नदीपलीकडील ॲलेगेनी हे स्वतंत्र शहर आपल्यात सामावून घेतले. तेथील बहुसंख्य मतदारांचा याला विरोध होता; परंतु दोन्ही शहरांची मते एकत्र मोजण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि विलीनीकरण कायम राहिले. असे असले तरी आसपासच्या बहुतेक वस्त्यांनी आपले वेगळेपण टिकवले. आजही एकट्या ॲलेगेनी काउंटीत १३० स्वतंत्र नगरपालिका व तत्सम स्थानिक संस्था आहेत.

याची किंमत छोट्या गावांना मोजावी लागली. ब्रॅडक हे गाव पिट्सबर्गच्या सीमेबाहेर आहे. अँड्र्यू कार्नेगी यांचा पोलादाचा कारखाना तेथे १८७५ मध्ये सुरू झाला. १९२० मध्ये या गावाची लोकसंख्या सुमारे २१ हजार होती. २०२० मध्ये ती सुमारे १,७०० उरली. रहिवासी गेले की करही जातो. रस्ते, दिवे आणि गटारे मात्र तेवढीच राहतात. ज्या गावाचा कारभार स्वतंत्र, त्याचे दारिद्र्यही स्वतंत्र.

३.५ लोकसंख्येतील बदल

१९५० मध्ये पिट्सबर्ग शहराची लोकसंख्या ६,७६,८०६ होती. १९६० मध्ये ती ६,०४,३३२ झाली. 'शहर ओस पडू लागले' असा निष्कर्ष यावरून कोणी काढील. परंतु त्याच दशकात शहरासह संपूर्ण ॲलेगेनी काउंटीची लोकसंख्या १५,१५,२३७ वरून १६,२८,५८७ पर्यंत वाढली. म्हणजे शहराच्या सीमेबाहेरील भाग वाढत होता आणि अनेक शहरवासी उपनगरांत राहायला जात होते. या टप्प्यावर 'घट' हे बऱ्याच अंशी सीमा ओलांडण्याचेच दुसरे नाव होते.

पुढची घट मात्र वेगळ्या जातीची आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी पोलाद उद्योग कोसळला आणि कामाच्या शोधात तरुण हा प्रदेशच सोडून गेले. मागे वृद्धांचे प्रमाण वाढले आणि जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होऊ लागले. आज विद्यापीठे व रुग्णालये हे येथील रोजगाराचे मोठे आधार आहेत. तरीही काउंटीची लोकसंख्या १९६० च्या पातळीला पुन्हा पोहोचलेली नाही.

३.६ भाषेची सीमा

भाषेच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट जाणवते. प्रमाण इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' यांसाठी एकच सर्वनाम आहे. पिट्सबर्गच्या बोलीत मात्र अनेकांना उद्देशून 'यिन्झ' असे वेगळे रूप वापरले जाते. त्याचे मूळ आयर्लंडच्या उत्तर भागातून आलेल्या स्कॉटिश वंशाच्या लोकांच्या बोलीत सापडते. हे रूप नगरपालिकेच्या वेशीशी थांबत नाही. ते नैर्ऋत्य पेन्सिल्व्हेनियात सर्वत्र ऐकू येते. शहराच्या दक्षिण भागात आणि लगतच्या उपनगरांत आता भूतानमधून विस्थापित झालेले नेपाळीभाषक स्थायिक झाले आहेत. त्यांची लिपी आपलीच, म्हणजे देवनागरी आहे.

३.७ सारांश

पिट्सबर्गच्या भूरचनेने वस्तीची जागा ठरवली, उद्योगाने तेथे माणसे आणली आणि राजकीय सीमांनी त्यांची गणना विभागली. म्हणून यापुढे कोणत्याही शहराचा आकडा वाचताना वा लिहिताना तो कोणत्या सीमेतील आणि कोणत्या वर्षाचा आहे, हे प्रथम पाहावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. पिट्सबर्गच्या लोकसंख्येचे तीन आकडे एकाच वेळी बरोबर कसे ठरतात?
२. १९५० ते १९६० मधील घट आणि १९८० नंतरची घट यांतील फरक स्पष्ट करा.
३. आपल्या गावाची अथवा शहराची लोकसंख्या सांगताना आपण कोणती सीमा गृहीत धरता, ते आठ ते दहा ओळींत लिहा.