बदाम-अक्रोडांचा पाव हिस्सा

न्यूरेंबर्गचं लेबकूखन पहिल्यांदा हातात घेणारा माणूस बहुधा एक चूक करतो. तळव्याएवढं, जाडसर, तपकिरी बिस्कीट उलटं केलं की खाली पांढरी, कागदासारखी चकती चिकटलेली दिसते आणि तो ती नखाने सोलायला लागतो. ती सोलायची नसते. पीठ आणि पाण्याची ती पातळ पापडी आहे, मिस्सेत दिल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीच्याच जातीची. तिला ओब्लाट म्हणतात. मधाचं चिकट पीठ भाजताना पत्र्याला धरू नये म्हणून ते या पापडीवर थापायची युक्ती जुन्या मठांतल्या स्वयंपाकघरांत निघाली, असं मानतात. आपण पानगी केळीच्या पानावर थापतो ती याच कारणासाठी. पानगीचं पान मात्र काढून टाकतात, ओब्लाट बिस्किटाबरोबर खातात.

जर्मनीत नाताळआधीचे चार रविवार आगमनकाळाचे. या दिवसांत घरोघरी भट्ट्या तापतात. दालचिनीच्या चांदण्या, व्हॅनिलाच्या चंद्रकोरी, लोण्याची पातळ बिस्किटं असे प्रकार पत्र्याच्या डब्यांत भरले जातात, आपल्याकडे दिवाळीआधी फराळाचे डबे भरतात तसे. या सगळ्यांत वडीलधारं म्हणजे लेबकूखन. दक्षिण जर्मनीतल्या उल्म शहरात 1296 सालच्या नोंदीत ते आढळतं आणि न्यूरेंबर्गमध्ये ते करणाऱ्या कारागिराची नोंद 1395 सालची आहे. तेव्हापासून हे बिस्कीट आणि हे शहर यांची नावं जोडीनेच घेतली जातात.

न्यूरेंबर्गच का, याचं पहिलं उत्तर शहराभोवतीच्या जंगलात मिळतं. रेताड जमिनीवर पसरलेलं पाइनचं हे अरण्य म्हणजे राइशवाल्ड, सम्राटाचं जंगल. त्या काळी साखर परदेशातून यायची आणि ती श्रीमंतांनाच परवडायची. गोडासाठी हाताशी होता तो मध. जंगलातले मधपाळ उंच झाडांच्या खोडात पोकळ्या कोरत, तोंडाशी फळी बसवत आणि त्यात रानमाश्या वसवत. 1350 साली, पुढे सम्राट झालेल्या राजा चौथा कार्ल याने या मधपाळांना खास हक्क दिले. त्या बदल्यात गरज पडेल तेव्हा त्यांनी सम्राटासाठी आडवं धनुष्य घेऊन उभं राहायचं होतं. फॉइख्ट या जवळच्या गावी त्यांचं स्वतःचं न्यायालय होतं. मधाची चोरी, पोळ्यांची हद्द असे तंटे तिथे तुटत. या जंगलाला साम्राज्याची मधमाश्यांची बाग म्हणत. मेण चर्चच्या मेणबत्त्यांना जाई आणि मध लेबकूखनाच्या पिठात.

दुसरं उत्तर आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचतं. लेबकूखनाच्या मसाल्यात दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ, जायपत्री, धने, बडीशेप, सुंठ असं बरंच काही असतं. जर्मनीच्या काही भागांत याच पदार्थाला फेफरकूखन, म्हणजे मिऱ्याची पोळी, म्हणतात. मिरं हे तिथे दूरदेशीच्या सगळ्याच मसाल्यांचं नाव होऊन बसलं होतं. न्यूरेंबर्ग मोठ्या व्यापारी वाटांच्या चौकात वसलेलं. मसाले व्हेनिसमार्गे येत आणि शहराचे व्यापारी ते उत्तरेकडे पोचवत.

पुढे पोर्तुगीजांनी आफ्रिकेला वळसा घालून समुद्राची वाट धरली, तेव्हा न्यूरेंबर्गकर मागे राहिले नाहीत. 1505 साली फ्रान्सिस्को द आल्मेडा पोर्तुगालहून निघाला. त्याच्या ताफ्यातल्या तीन जहाजांत जर्मन व्यापाऱ्यांचा पैसा होता आणि त्यांत इमहोफ आणि हिर्शफोगेल ही न्यूरेंबर्गची घराणी होती. या ताफ्याने हिंदुस्थानात आल्यावर किल्ला बांधायला घेतला तो कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर. आज ते बेट गोव्यात मोडतं. तिथून जहाजं कण्णूर आणि कोचीनला गेली आणि मिऱ्यांनी भरून परतली. त्या ताफ्यात तराजूबरोबर तोफाही होत्या, हे मलबारच्या किनाऱ्याने चांगलंच अनुभवलं. युरोपातल्या नाताळच्या गोडव्याची कथा सांगताना हा भाग वगळणं बरोबर नाही.

आता घडणीकडे वळू. लेबकूखनाचे मुख्य प्रकार दोन. एक तपकिरी लेबकूखन: मध आणि पीठ मळून लाटायचं, साच्याने कापायचं. जत्रेतली बदामाच्या आकाराची मोठी लेबकूखनं आणि बिस्किटांची घरकुलं याच पिठाची. हे पीठ मळल्याबरोबर भाजत नाहीत. जुने कारागीर ते आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने थंड जागी मुरत ठेवत. मधाचं प्रमाण इतकं असतं की पीठ नासत नाही, उलट हळूहळू आंबटसर होतं, आणि पुढे फुगवण्याच्या क्षाराला हाच आंबटपणा लागतो. गूळ घालून मुरवलेलं अनारशाचं पीठ ज्यांनी घरात पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. दोन्हीकडे घाई केली की पदार्थ फसतो.

फुगवण्यासाठी यीस्ट वापरत नाहीत. दाट मधात यीस्टचा जोर चालत नाही. त्याऐवजी दोन क्षार येतात. एक पोटॅश, पूर्वी लाकडाच्या राखेतून काढलेला. त्याने पीठ आडवं पसरतं. दुसरा हरणाच्या शिंगाचा क्षार. हा एके काळी खरोखरच शिंगांपासून मिळवत, आता कारखान्यात तयार होतो. आपल्या बेकऱ्यांत बिस्किटांसाठी जो अमोनिया म्हणतात, तो याच कुळातला. भट्टीच्या उष्णतेने तो पूर्णपणे वायू होऊन उडून जातो आणि पीठ उभं फुलतं. भाजताना नाकाला झोंबतो, पण बिस्कीट चपटं असल्यामुळे सगळा वास बाहेर पडतो. जाड केकमध्ये तोच वास आत अडकून राहील.

दुसरा प्रकार ओब्लाटवरच्या लेबकूखनाचा आणि त्यातला सर्वांत वरचा दर्जा एलिझेन. याच्या नावाची एक गोष्ट सांगतात: एका कारागिराची मुलगी एलिझाबेथ आजारी पडली, आणि बापाने तिच्यासाठी उत्तम बदाम आणि मसाले घालून, पीठ बाजूला सारून हे बिस्कीट केलं. गोष्ट खरी असो वा नसो, कृती तशीच आहे. अंडी आणि साखर भरपूर फेसायची, त्यात दळलेले बदाम, हेझलनट किंवा अक्रोड, साखरेत मुरवलेली संत्र्या-महाळुंगाची साल आणि मसाला घालायचा. लोणी नाही, तूप नाही. जो काही ओलसर मऊपणा येतो तो बदाम-अक्रोडांच्या तेलाचा आणि सालींच्या पाकाचा. मिश्रण ओब्लाटवर घुमटासारखं थापून वरून थोडं सुकू द्यायचं, मग बेताच्या आचेवर भाजायचं. काही तसेच ठेवतात, काहींवर साखरेचा पातळ थर, काहींवर चॉकलेट. डब्यात सफरचंदाची फोड ठेवली की कडक झालेलं लेबकूखनही पुन्हा मऊ पडतं.

पण हा पदार्थ इतकी शतकं टिकला त्याचं श्रेय मी कृतीइतकंच नियमांना देईन. चौदाव्या शतकातल्या एका बंडानंतर न्यूरेंबर्गच्या नगरसभेने कारागिरांच्या स्वतंत्र संघांना बंदी केली आणि प्रत्येक धंद्यावर स्वतः देखरेख ठेवली. कोण काय करील, कसं करील, हे ठरलेलं असे. लेबकूखन करणाऱ्यांना पाववाल्यांपासून वेगळा, आपल्या नियमांचा धंदा म्हणून मान्यता मिळाली ती 1643 साली. ही शिस्त आजही कागदावर आहे. एलिझेन म्हणवून घ्यायचं असेल तर मिश्रणात बदाम, हेझलनट किंवा अक्रोड किमान 25 टक्के हवेत आणि पीठ 10 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. 1996 पासून युरोपीय संघात ‘न्यूरेंबर्गर लेबकूखन’ या नावाला भौगोलिक संरक्षण आहे. शहराच्या हद्दीबाहेर भाजलेल्या लेबकूखनाला ते नाव लावता येत नाही. पीठ स्वस्त आणि बदाम महाग. बदामात हात आखडायचा मोह प्रत्येक पिढीला झाला असणार. नावामागे माप उभं राहिलं म्हणून तो मोह आवरला.

या शहराने सोसलंही पुष्कळ. 2 जानेवारी 1945 च्या बॉम्बवर्षावात जुनं न्यूरेंबर्ग जवळजवळ सगळं जमीनदोस्त झालं. तीन वर्षांनी, 1948 मध्ये, मुख्य चौकात नाताळचा बाजार पुन्हा मांडला गेला. तो आजही दरवर्षी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारआधीच्या शुक्रवारी सुरू होतो. सोनेरी केसांची, मुकुट घातलेली एक तरुणी ख्रिस्तबाळाच्या वेशात चर्चच्या सज्जात येऊन तो खुला करते, आणि खाली लाल-पांढऱ्या कापडाच्या छपरांखाली लेबकूखनाच्या राशी लागलेल्या असतात. याच शहरात 1487 साली सम्राट तिसरा फ्रीडरिख याने मुलांना बोलावून आपल्या चित्राची लेबकूखनं वाटली, आणि जवळजवळ चार हजार मुलं आली, असं सांगतात.

लेबकूखनाला मोठं केलं ते जंगलाने, व्यापाराने आणि कारागिरांच्या हातांनी. टिकवलं मात्र लिहून ठेवलेल्या मापाने, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडचे अनारसे, गोव्याच्या नाताळातल्या नेवऱ्या, वसईच्या घरांतली कुलकुलं अजून बरीचशी ‘अंदाजाने’ होतात. तो अंदाज एखाद्या आजीच्या, मावशीच्या हातात असतो आणि तिच्याबरोबरच जातो. म्हणून यंदा घरात सणाचं काही करायला घेतलं, तर जाणत्या बाईशेजारी वजनकाटा आणि वही घेऊन बसा. ती मुठीने घालील ते आधी तोला, मग तिला घालू द्या, आणि आकडा वहीत उतरवा.