पोटाच्या तज्ज्ञाची निवड

एकत्र कुटुंबांत पोटाचें दुखणें फार लपविलें जातें. सुनेनें शौचाची तक्रार सासऱ्यांच्या देखत बोलावी कशी? मग ओंवा, सोडा व पित्ताच्या गोळ्या यांवर महिने निघतात. साध्या अपचनास हे उपाय पुरतात. परंतु शौचावाटे रक्त पडणें, शौचास डांबरासारखें काळें होणें, घास अडकणें, कारणावांचून वजन घटणें किंवा कावीळ दिसणें, हीं लक्षणें ओंव्यानें भागणारीं नव्हेत. रक्ताची उलटी झाल्यास तर तडक रुग्णालयच गांठावें.

‘पित्तासाठीं तज्ज्ञ कशाला?’ असें कोणी म्हणेल. जठरव्रणाचा दोष पूर्वीं तिखटास व काळजीस देत. मार्शल व वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनीं त्यामागील जंतु दाखवून दिला व २००५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आज बहुधा दोन आठवड्यांच्या औषधांनीं त्या जंतूचा नायनाट होतो.

तज्ज्ञाचें नांव प्रथम घरच्या डॉक्टरांस विचारावें. मग पाटीच्या आकारास न भुलतां पदवी पाहावी. एम. डी. नंतर तीन वर्षें याच विषयाचा अभ्यास केलेले ते डी. एम.; शस्त्रक्रिया करणारे ते एम. सीएच. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीही पडताळून पाहावी. दुर्बिणीच्या तपासणीची सोय कोठें आहे व खर्च किती येईल, हें आधींच विचारावें.

आणि घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनीं सुनांना आपण होऊन पोटाची विचारपूस करावी, अशी आमची विनंती आहे. ती झाली नाहीं, तर उत्तम तज्ज्ञ शेजारीं असूनही व्यर्थ!