अनुक्रम-संग्रहातील शोधाची रीत : केळीवरील ‘हरण्या’चे उदाहरण

रावेर, यावल, चोपडा या भागांतील केळीच्या बागांत पानांवर पिवळसर पट्टे उमटविणारा जो रोग शेतकऱ्यांत ‘हरण्या’ या नावाने ओळखला जातो, त्याचे कारण कुकुंबर मोझॅक विषाणू हे होय. मावा ही कीड त्याचा प्रसार करते. या रोगाच्या अभ्यासास प्रारंभ करणारा विद्यार्थी सार्वजनिक अनुक्रम-संग्रहात ‘केळी’, ‘जळगाव’ आणि विषाणूचे नाव हे शब्द एकत्र घालतो, हाती काही लागत नाही, आणि ‘या विषयाची सामग्री उपलब्ध नाही’ असे वाक्य प्रबंधात लिहून मोकळा होतो. हे वाक्य बहुधा सिद्ध झालेले नसते.

सीक्वेन्स रीड आर्काइव्ह हा संग्रह अमेरिकेतील एनसीबीआय ही संस्था चालविते. युरोप व जपान येथील संग्रहांशी त्याची देवघेव असते. त्याच्या नेहमीच्या शोधपेटीत घातलेला शब्द अनुक्रमाच्या अक्षरांत शोधला जात नाही. सामग्री ठेवणाऱ्याने जोडलेल्या वर्णनात तो शोधला जातो, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. धुळ्यास १९२७ साली स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी जुनी कागदपत्रे चाळलेल्या अभ्यासकास ही अडचण अपरिचित नाही. यादीत गावाचे नाव नाही, म्हणून ते कागदातही नसेल, असे थोडेच असते?

तेव्हा शोध करावयाचा तो वर्णन लिहिणाऱ्याची दृष्टी घेऊन. ग्रँड नैन या वाणाची नोंद कोणी मुसा ॲक्युमिनाटा म्हणून करतो, कोणी ‘एएए गट’ म्हणून, तर कोणी केवळ मुसा म्हणून. यासाठी नावाऐवजी वर्गीकरण-क्रमांक वापरणे श्रेयस्कर. मुसा या प्रजातीचा क्रमांक ४६४० असून, उपविभागांसह शोध घेतल्यास तिच्या पोटातील सर्व नोंदी येतात. विषाणूचा क्रमांक १२३०५ हा आहे. त्याचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा.

दुसरा विचार प्रयोगपद्धतीचा. हा विषाणू आरएनए-स्वरूपाचा असल्यामुळे केळीच्या डीएनए-अनुक्रमणात तो शोधणे व्यर्थ होय. आरएनए-अनुक्रमणातही भेद आहे. या विषाणूच्या आरएनएला पॉली-ए शेपूट नसते. म्हणून केवळ पॉली-ए असलेले रेणू वेचून केलेल्या प्रयोगात तो कमी दिसण्याचा संभव असतो. रायबोसोमी आरएनए वगळून केलेले प्रयोग व लघु-आरएनएचे प्रयोग अधिक उपयोगी पडतात. नोंदीतील ‘निवड’ हा रकाना याचसाठी पाहावयाचा.

तिसरी गोष्ट अशी की, दुसऱ्याच हेतूने गोळा केलेल्या पानांतही विषाणू असू शकतो. तो वर्णनात नसतो, अक्षरांत असतो. अनुक्रमाशी अनुक्रम ताडून पाहणे हाच तेथे मार्ग. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सेराटस प्रकल्पाने अशाच रीतीने ५७ लाख प्रयोगांची सामग्री तपासली आणि त्यांतून १ लाखाहून अधिक नवे आरएनए-विषाणू उजेडात आणले. ते सारे आधीपासून संग्रहातच होते!

स्थळाविषयी विशेष सावध असावे. पुष्कळ नोंदींत स्थळ म्हणून केवळ देशाचे नाव असते. धुळ्याचे नाव तर रोमन लिपीत ‘धुळे’ व ‘धुलिया’ अशा दोन प्रकारे आढळते. म्हणून स्थळाची अट अगदी शेवटी लावावी, आणि ती लावल्याने किती नोंदी गळाल्या ते मोजावे. वापरलेली शोधसूत्रे व शोधाची तारीख प्रबंधात नमूद करावी. कारण संग्रह सतत वाढत असतो, आणि आजचा नकार उद्या टिकेलच असे नाही.

याच न्यायाने, खानदेशातून सामग्री ठेवणाऱ्यानेही आपले कर्तव्य ओळखावे. जिल्हा, तालुका, वाण, झाडाचे वय, पान निरोगी की रोगट, आरएनएची निवड कशी केली, एवढे लिहावयास घटकाभर वेळ पुरतो. तेवढे न लिहिल्यास रावेरचे पान संग्रहात असूनही रावेरच्याच अभ्यासकास सापडत नाही.