झाडू कुणाच्या कमरेला?

रशियाचा झार चौथा इव्हान (१५३०-१५८४) इतिहासात 'भयंकर' या विशेषणानेच ओळखला जातो. तिसऱ्या वर्षी बाप गेला, सातव्या वर्षी आई. सरदारांच्या उपेक्षेत वाढला. १५६० साली राणी अनास्तासिया वारली आणि त्याचा तोल सुटला. १५८१ मध्ये रागाच्या भरात त्याने पोटच्या मुलाचा जीव घेतला. चरित्रकार हे सारे हळहळून सांगतात.

आपल्याकडे अशीच हळहळ दुसऱ्या बाजीरावाच्या वाट्याला येते. नारायणरावाच्या खुनाचा (१७७३) ठपका असलेल्या रघुनाथराव-आनंदीबाईंच्या पोटी १७७५ साली धारला जन्म, आठव्या वर्षी बापाचा मृत्यू, तारुण्य नाना फडणवीसांच्या कैदेत. एकविसाव्या वर्षी हा कैदी पेशवा झाला. दौलतराव शिंद्यांना कबूल केलेला पैसा देता येईना, तेव्हा १७९८ मध्ये सर्जेराव घाटग्याला पुणे लुटायला मोकळे रान मिळाले. पैसा काढण्यासाठी तापलेल्या तोफांना माणसे बांधली गेली. १८०१ मध्ये विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिले आणि बाजीरावाने ते वाड्यातून पाहिले. मामलती लिलावात निघाल्या. जास्त बोली करणाऱ्याने ती रक्कम अखेर कुळांकडूनच वसूल करायची, हे उघड होते.

कैदेतले पोर सूडबुद्धीचे निघाले, हे मान्य करू. विठोजीचा खून त्यातून समजतो. पण सगळा जुलूम त्यातून समजतो काय?

इव्हानने १५६५ मध्ये 'ओप्रिच्निना' काढली. त्या काळ्या वेषातल्या घोडेस्वारांच्या खोगिराला कुत्र्याचे मुंडके आणि झाडू असे. द्रोह्यांना झाडून काढू, हा त्याचा अर्थ. १५७० मध्ये त्यांनी नोव्हगोरोद शहरात कत्तल केली. तिथे झाडू मारणाऱ्याच्या हाती होता. पेशवाईच्या पुण्यात तो अस्पृश्याच्या कमरेला होता, स्वतःची पावले स्वतःच पुसण्यासाठी; गळ्यात थुंकीचे मडके. लाहोरच्या न झालेल्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी हे नोंदवले आहे.

या झाडूसाठी कुण्या पेशव्याचे बालपण दुःखी असावे लागले नाही. आई-बापांच्या मायेत वाढलेला, सदाचारी पेशवा असता तरी झाडू तिथेच राहिला असता. कारण तो रागातून आलेला नव्हता, धर्माज्ञेतून आला होता. इव्हानला आपली ओप्रिच्निना १५७२ मध्ये स्वतःच मोडता आली. इथे मोडणार कोण?

कामथडीहून नसरापूर जवळच आहे. तिथले बनेश्वराचे देऊळ बाजीरावाच्या चुलत्याने, नानासाहेबाने बांधले, हे शाळेतले पोरही सांगेल. त्याच पुणे-सातारा वाटेवरच्या गावांतल्या महार-रामोश्यांनी वाहिलेल्या वेठीची मात्र कुठे पाटी नाही. बखरकाराला विठोजीचे नाव ठाऊक होते, कारण तो होळकर होता.

१८१८ साली पेशवाई बुडाली. बाजीरावाला इंग्रजांनी वर्षाला आठ लाख रुपयांचा तनखा दिला. ब्रह्मावर्तात त्याने आणखी लग्ने केली, धोंडोपंताला दत्तक घेतले आणि १८५१ मध्ये तो अंथरुणावर मेला. महार वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले.